अंतराळ स्थानकावरचा डिजिपीटर आपल्या डोक्यावरून रिकामाच जातो

मा. संपादक,

स. न. वि. वि.

४ जुलै २०२५ रोजी शुभांशु शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्राशी हॅम (हौशी) रेडिओवरून संवाद साधला. त्याचे कौतुक झाले ते योग्यच. पण त्यातून एक समज मात्र घट्ट झाला आहे. वेळ आधी ठरलेली असेल, अंतराळवीर मोकळा असेल आणि मोठी संस्था पाठीशी असेल तरच स्थानकावरचा रेडिओ आपल्या वाट्याला येतो, असे अनेकांना वाटते. आवाजी संवादापुरते ते खरे आहे. मात्र त्याच स्थानकावर पॅकेट, म्हणजे रेडिओवरून पाठवलेला छोटा डिजिटल संदेश, ऐकून पुन्हा सोडणारा (रिले करणारा) संच आहे. त्यालाच डिजिपीटर म्हणतात. तो चालू असतो तेव्हा कोणाची परवानगी मागावी लागत नाही आणि वरच्या कोणालाही बटण दाबावे लागत नाही. परवानाधारक हौशी रेडिओचालकाने बरोबर पाठवलेले पॅकेट तो मजकूर न बदलता पुन्हा प्रक्षेपित करतो. स्थानक पुण्या-मुंबईच्या क्षितिजावर दिवसातून चार-पाच वेळा येते, त्यातल्या एक-दोन वेळा चांगले उंच. युरोपवर असताना या संचाला श्वास घ्यायला फुरसत नसते. आपल्याकडे तो बहुतेक वेळा गप्प असतो. जे प्रयत्न करतात त्यांतले बरेचसे दोन-तीन पासनंतर (स्थानक आपल्या आकाशातून एकदा जाणे म्हणजे एक पास) ‘आपल्या छोट्या रेडिओने हे होणार नाही’ म्हणून सोडून देतात. कारण बहुधा रेडिओच्या ताकदीत नसते, म्हणून हे पत्र जरा तपशिलात लिहीत आहोत.

आधी यंत्रणा. वारंवारता १४५.८२५ मेगाहर्ट्झ, पाठवायला आणि ऐकायला एकच. पद्धत एफएम, वेग १२०० बॉड (सेकंदाला १२०० बिट), १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन सूर, चौकट (म्हणजे पॅकेटची बांधणी) एएक्स.२५ची. बहुतेक मजकूर बॉब ब्रुनिंगा यांनी घडवलेल्या एपीआरएस (स्थान आणि छोटे संदेश कळवण्याच्या) पद्धतीचा असतो. युरोपीय ‘कोलंबस’ भागात केनवूडचा टीएम-डी७१०जीए संच सप्टेंबर २०२० पासून आहे आणि ‘झ्वेझ्दा’ या रशियन भागातही केनवूडचाच एक संच आहे. त्यांतला कोणता पॅकेटवर आणि कोणता आवाजाच्या रिपीटरवर (ऐकलेला आवाज पुन्हा सोडण्याच्या कामावर), हे बदलत राहते. स्पेसवॉक असेल, एखादे यान जोडले किंवा सुटे होत असेल, तर रेडिओ बंद ठेवतात. त्यामुळे दोन पास काहीच ऐकू आले नाही तर लगेच अँटेनावर संशय घेऊ नये. आधी स्थानकावरचा हौशी रेडिओ सांभाळणाऱ्या एआरआयएसएसच्या संकेतस्थळावर सध्या काय चालू आहे ते पाहावे.

डिजिपीटर नेमके काय करतो हे कळले की निम्म्या चुका आपोआप टळतात. तो पूर्ण चौकट ऐकून घेतो आणि शेवटची १६ बिटांची तपासणी जुळते का ते पाहतो. मग मार्गाच्या रकान्यात (पॅकेट कोणामार्फत जावे हे लिहिण्याच्या जागेत) आपल्यासाठी काही आहे का ते शोधतो. तिथे ‘एआरआयएसएस’ हे नाव सापडले तर त्या जागी स्वतःचे कॉलसाइन (रेडिओ केंद्राचे ओळखनाव) घालतो, ‘वापरले’ अशी खूण करतो आणि त्याच वारंवारतेवर चौकट परत सोडतो. पडद्यावर आर-एस-झीरो-आय-एस-एस किंवा एन-ए-वन-एस-एस या नावापुढे तारा (*) दिसला तर पॅकेट वर जाऊन आले. तारा नसेल तर तुम्ही शेजारच्याचे थेट प्रक्षेपण ऐकले आहे. आणि हो, परत आलेले पॅकेट म्हणजे ‘अंतराळवीरांनी दिलेले उत्तर’ नव्हे. शाळांच्या कार्यक्रमांत असे सांगितले जाते, ते थांबवावे.

सर्वांत जास्त पॅकेट वाया जातात ती मार्गाच्या रकान्यामुळे. जमिनीवरच्या एपीआरएससाठी रेडिओत ‘वाइड१-१, वाइड२-१’ असा मार्ग भरून ठेवलेला असतो आणि तो तसाच राहतो. स्थानक त्याला दाद देत नाही. मार्गात फक्त एकच नाव हवे, ‘एआरआयएसएस’. पुढे-मागे काही जोडू नये. एकदा रिले झाल्यावर पॅकेटने पुढे कुठे जायचे उरत नाही, आणि प्रत्येक जादा नावाने चौकट ७ बाइटांनी लांबते.

लांबीचा हिशेब महत्त्वाचा आहे. स्थान कळवणारे साधे पॅकेट साधारण ७० बाइटांचे म्हणजे ५६० बिटांचे असते. १२०० बॉडला त्याला ०.४७ सेकंद लागतात. त्याआधी प्रक्षेपक स्थिरावायला ०.३ सेकंद धरले की पाऊण सेकंद झाला. डिजिपीटर तेवढाच वेळ परत बोलतो आणि त्या काळात तो बहिरा असतो. शिवाय इथे चुकांची दुरुस्ती नाही. एक बिट बिघडला तरी तपासणी जुळत नाही आणि अख्खे पॅकेट टाकून दिले जाते. म्हणून मजकुरात कविता लिहू नये. कॉलसाइन, स्थान आणि दोन-चार शब्द पुरेत.

आता रेडिओ आणि संगणक यांच्या मधला भाग. इथे फारच गोंधळ असतो. पॅकेटची सोय आतच असलेला हँडी (हातात धरायचा रेडिओ) जवळ असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर दोन मीटर तरंगलांबीच्या पट्ट्याचा साधा हँडी, यूएसबी साउंड कार्ड आणि संगणकावर ‘डायरवुल्फ’सारखा मोफत प्रोग्रॅम यांवर काम भागते. अँड्रॉइड फोनवर ‘एपीआरएसड्रॉइड’ही चालतो. केबल मात्र नीट हवी. स्वस्तातला मार्ग म्हणून अनेक जण व्हॉक्स वापरतात, म्हणजे आवाज आला की रेडिओ आपोआप प्रक्षेपण सुरू करतो. त्यात दोन तोटे आहेत. सुरू व्हायला उशीर झाल्याने पॅकेटचे डोके कापले जाते. हा तोटा सुरुवातीचा अवकाश अर्ध्या सेकंदापर्यंत वाढवून भरून काढता येतो. दुसरा तोटा सहसा लक्षातच येत नाही: मजकूर संपल्यावरही व्हॉक्स काही क्षण प्रक्षेपण धरून ठेवतो आणि स्थानक तर लगेच उत्तर सोडते. तुमचे पॅकेट वरून परत येत असते तेव्हा तुमचा रेडिओ अजून बोलतच असतो. पॅकेट रिले झालेले असते, पण तुम्हाला ते कधीच दिसत नाही. म्हणून पीटीटी (प्रक्षेपण सुरू करणारे बटण) वेगळ्या तारेने, सिरियल पोर्टच्या आरटीएस रेषेवरून एका ट्रान्झिस्टरमार्फत किंवा साउंड कार्डाच्या जीपीआयओ पिनवरून चालवावा.

आवाजाची पातळी हा दुसरा सापळा. साउंड कार्डाचे आउटपुट माइकच्या इनपुटला फार जड पडते. सूर कापले जातात, डेव्हिएशन (सुरामुळे वारंवारतेचे इकडेतिकडे सरकणे) ५ किलोहर्ट्झच्या मर्यादेला टेकते आणि कानाला मोठे, दमदार वाटणारे पॅकेट कोणालाही वाचता येत नाही. मध्ये १० किलोओहमचा पॉट (कमी-जास्त करता येणारा रोध) घालावा. दुसऱ्या रेडिओवर स्वतःचे प्रक्षेपण ऐकत पातळी हळूहळू वाढवावी. ज्या जागेपुढे आवाज मोठा होणे थांबते, तिथून चांगलेच मागे, साधारण निम्म्यावर यावे. डेव्हिएशन ३ किलोहर्ट्झच्या आसपास असले की पुरे. ऐकण्याच्या बाजूला डायरवुल्फ प्रत्येक पॅकेटबरोबर पातळीचा आकडा दाखवतो. तो ५०च्या जवळपास ठेवावा. रेडिओच्या स्पीकरच्या जॅकवर २२०० हर्ट्झचा सूर १२०० हर्ट्झच्या सुरापेक्षा सुमारे ५ डेसिबल दबलेला येतो. पाठवणाऱ्याच्या रेडिओने तो आधीच उचललेला असेल तर हिशेब बरोबर बसतो, नसेल तर नाही. डायरवुल्फ ही तफावत बरीच सांभाळून घेतो, जुने टीएनसी (पॅकेटचे मोडेम) तितकी घेत नाहीत.

हँडीवर चार गोष्टी पासच्या आधी तपासाव्यात. स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) पूर्ण उघडा, शून्यावर, कारण तो उघडायला लागणाऱ्या वेळात पॅकेटची सुरुवात निघून जाते. बॅटरी बचत बंद, नाहीतर रिसीव्हर मधूनमधून झोपतो आणि नेमक्या त्याच क्षणी पॅकेट येते. टोन स्क्वेल्च बंद. आवाजाच्या रिपीटरला १४५.९९० वर ६७ हर्ट्झचा टोन लागतो, तो बसवलेलाच चॅनेल बदलून पॅकेटसाठी वापरला की ही चूक होते. आणि नॅरो नव्हे, वाइड एफएम. या शेवटच्या गोष्टीचा संबंध डॉप्लरशी, म्हणजे वेगामुळे वारंवारता सरकण्याशी आहे.

स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. त्यामुळे क्षितिजावर येताना १४५.८२५ची लहर सुमारे ३.४ किलोहर्ट्झ वर ऐकू येते आणि जाताना तितकीच खाली. आवाजासाठी काही जण डायल फिरवत राहतात. पॅकेटला ते करू नये, कारण वारंवारता एकच आहे आणि दुरुस्त्या मात्र उलट्या आहेत. येणाऱ्या स्थानकाला ऐकायला डायल वर न्यावी लागते, त्याच्यापर्यंत अचूक पोहोचायला खाली. पाऊण सेकंदात दोन्ही साधत नाही. वाइड एफएमचा रिसीव्हर ही ३.४ किलोहर्ट्झची सरक पचवतो, नॅरोचा पचवत नाही. नॅरोवर ठेवलेल्या हँडीला फक्त पासच्या मधली दोन-तीन मिनिटे पॅकेट मिळतात आणि मालक अँटेनाला दोष देतो.

अँटेनाबद्दल एक सांगणे. घराच्या गच्चीवर रिपीटरसाठी लावलेली उंच, जास्त गेनची उभी अँटेना इथे फारशी कामाची नाही. ती आपली सगळी ताकद क्षितिजाच्या रेषेत ओतते आणि स्थानक ३०-४० अंशांवर आले की ती जवळपास आंधळी होते. त्यापेक्षा साधा पाव तरंगाचा ग्राउंड प्लेन बरा: उभी काडी ४९ सेंटिमीटर, खाली ४५ अंशांत वाकवलेल्या ५१-५२ सेंटिमीटरच्या चार काड्या, मध्ये एक एसओ-२३९ सॉकेट. थेट डोक्यावर तिचा गेन पडतो खरा, पण तेव्हा स्थानक फक्त ४१५ किलोमीटरवर असते. क्षितिजावर तेच अंतर २३०० किलोमीटरहून जास्त असते, म्हणजे पोहोचणारी शक्ती तीसपटीहून कमी, १५ डेसिबलचा फरक. ग्राउंड प्लेनबरोबर २५ ते ५० वॅटचा मोबाइल संच असेल तर मधल्या उंचीचे पास आरामात जमतात.

पाच वॅटच्या हँडीला मात्र हातात धरायची तीन काड्यांची यागी (एका दिशेला रोखायची अँटेना) द्यावी. स्टीलच्या मोजपट्टीच्या आणि पीव्हीसी पाइपच्या यागीचा खर्च एका चांगल्या कनेक्टरपेक्षा फार जास्त नाही. रिफ्लेक्टर १०५ सेंटिमीटर, मधल्या चालक घटकाचे दोन तुकडे प्रत्येकी ४५, डायरेक्टर ८९. रिफ्लेक्टर ते चालक २० सेंटिमीटर, चालक ते डायरेक्टर ३२. चालकाच्या दोन तुकड्यांमध्ये इंचभर फट आणि तिच्यावर तांब्याच्या तारेची हेअरपिन. एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळते याचे माप) त्या फटीने जुळवायचा. डाग देण्याआधी पट्टीवरचा रंग पॉलिश पेपरने पूर्ण काढला नाही तर सांधा वरवर धरतो आणि तिसऱ्या पासला सुटतो. यागी सतत फिरवत राहावी, नुसती दिशेने नव्हे तर स्वतःच्या अक्षाभोवतीही. स्थानकाच्या लहरींचे ध्रुवीकरण वाटेत बदलत राहते. ऐकत ऐकत मनगट वळवले की खोल गेलेला सिग्नल पुन्हा उसळतो. केबलही आखूड ठेवावी. आरजी-५८च्या २० मीटर केबलमध्ये या वारंवारतेला सुमारे ४ डेसिबल जातात, म्हणजे निम्म्याहून अधिक शक्ती केबल तापवण्यात खर्च होते.

पासची वेळ काढताना कक्षेची आकडेवारी ताजी घ्यावी. उपग्रहांच्या यादीतला स्थानकाचा क्रमांक २५५४४. इतक्या खालच्या कक्षेत हवेचे घर्षण लागते, मधूनमधून इंजिन चालवून स्थानक वर ढकलले जाते. आठवड्याहून जुनी आकडेवारी फसवते. अनेक प्रोग्रॅम वेळ यूटीसीमध्ये देतात, तीत साडेपाच तास मिळवायला विसरणारे आजही भेटतात. पूर्ण उंचीचा पास दहा-साडेदहा मिनिटांचा असला तरी १० अंशांच्या वरचा उपयोगी भाग सहा-सात मिनिटांचा असतो. कोकणपट्टीतून पूर्वेचे बुटके पास सह्याद्रीच्या भिंतीआड जातात. तिथे पश्चिमेचे, अरबी समुद्रावरचे पास निवडावेत. स्थानक एका वेळी आपल्याभोवती २२०० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ पाहते. त्यात पुण्याबरोबर मस्कत आणि दुबई एकदम येऊ शकतात, कोलंबो येते, आणि बंगालच्या उपसागरावरच्या पासात बँकॉकही.

गर्दीचे गणित उलटे आहे. जमिनीवर पॅकेट पाठवण्याआधी वाहिनी मोकळी आहे का ते रेडिओ स्वतः ऐकतो. इथे तो फक्त स्थानकाला ऐकतो. हजार किलोमीटरवरचा दुसरा चालक त्याच क्षणी बोलत असेल तर ते त्याला कळणारच नाही. दोन पॅकेट वर एकमेकांवर आदळतात आणि एफएमच्या स्वभावाप्रमाणे जास्त ताकदीचे टिकते, किंवा दोन्ही जातात. अशा न ऐकता बोलण्याच्या व्यवस्थेत वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. युरोपात पाच वॅटवाल्याची डाळ शिजत नाही ती यामुळे. आपल्याकडे मैदान मोकळे आहे, ५ वॅटही पोहोचतात. ही सवलत टिकवायची तर शिस्त हवी. स्वयंचलित बीकन (ठरावीक वेळाने आपोआप जाणारे पॅकेट) लावून घराबाहेर जाऊ नये. स्थानक ऐकू येत नसेल तर पाठवू नये. मिनिटाला एखादे पॅकेट पुष्कळ झाले. आपले परत आलेले दिसले की थांबून इतरांना वाट द्यावी. संदेशाला पोच मिळेपर्यंत आपोआप पुन्हा पाठवण्याची सोय बंद ठेवावी, नाहीतर एकटा माणूस अख्खा पास खातो.

मजकुराच्या स्वरूपातल्या दोन चुका तर इतक्या नेहमीच्या की त्या लिहिल्याच पाहिजेत. एपीआरएसमध्ये स्थान अंश आणि मिनिटांत द्यायचे असते, दशांश अंशांत नव्हे. पुण्याचे अक्षांश १८.५२ अंश म्हणजे १८ अंश ३१.२ मिनिटे. फोनवरचा आकडा तसाच ‘१८५२’ असा भरला तर त्याचा अर्थ १८ अंश ५२ मिनिटे लागतो आणि पुण्याचे ठाणे ३८ किलोमीटर उत्तरेला, राजगुरुनगरच्या आसपास जाऊन बसते. दुसरी चूक संदेशाची. ज्याला पाठवायचा त्याचे कॉलसाइन दोन अपूर्णविरामांच्या मध्ये बरोबर ९ अक्षरांच्या जागेत बसले पाहिजे, कमी पडली तर मोकळ्या जागा भरून. सहा अक्षरी कॉलसाइननंतर लगेच अपूर्णविराम दिला तर समोरच्या रेडिओला तो संदेश स्वतःसाठी आहे हे ओळखताच येत नाही. मजकुराची मर्यादा ६७ अक्षरांची.

पॅकेट परत आले, पण इंटरनेटवरच्या यादीत नाव नाही, म्हणून हिरमुसणारेही आहेत. त्या याद्या आयगेट (ऐकलेली पॅकेट इंटरनेटवर टाकणारे ठाणे) लावून बसलेल्या चालकांवर चालतात. तुमचे पॅकेट स्थानकाकडून ऐकणारा आयगेट त्या वर्तुळात नसेल तर जगाला ते दिसत नाही. आपल्या भागात तेच होते. म्हणून कच्ची चौकट वेळेसह स्वतःच्या संगणकात साठवावी, तोच पुरावा. नुसते ऐकणारा आयगेट उभारणे अवघडही नाही: रास्पबेरी पाय, आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर), डायरवुल्फ आणि गच्चीवर आधी सांगितलेला ग्राउंड प्लेन. डोंगल स्वस्तातले असेल तर त्याची वारंवारता आधी दुरुस्त करावी. ५० पीपीएमची (दहा लाखांत ५०) चूक १४५ मेगाहर्ट्झला ७.३ किलोहर्ट्झ होते, डॉप्लरच्या दुप्पट. शहरात एफएम आकाशवाणीच्या तगड्या प्रक्षेपकांनी डोंगल बधिर होते, त्यासाठी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर लावावा. एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर यांचा गोंगाट मात्र फिल्टरने जात नाही, अँटेनाच त्यांच्यापासून लांब न्यावी लागते.

एका अतिशयोक्तीला इथेच आवर घालावासा वाटतो. पूर-वादळात मोबाइल बंद पडले की अंतराळ स्थानकावरून निरोप जातील, असे कार्यक्रमांतून सांगितले जाते. दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटे, पोहोचेल याची हमी नाही, आणि एखाद्या स्पेसवॉकमुळे त्या दिवशी बंद. आपत्तीत खरे काम करतात ते डोंगरावरचे रिपीटर, एचएफ (लघुलहरी रेडिओ) आणि सराव असलेले चालक. स्थानकाचा पॅकेट रिले हा शिकण्याचा मार्ग आहे. कक्षा, डॉप्लर, ध्रुवीकरण, मॉड्युलेशन, चुकांची तपासणी, एकाच वाहिनीवरची गर्दी, अभियांत्रिकीच्या चार विषयांचे प्रात्यक्षिक एका पासात होते. त्यासाठी महाविद्यालयात व्हीयू२ किंवा व्हीयू३ कॉलसाइनचा एक परवानाधारक लागतो. परवान्याशिवाय प्रक्षेपण हा गुन्हा आहे, त्यात ‘फक्त पॅकेटच पाठवले’ ही सबब नाही. परीक्षेचा अर्ज दूरसंचार खात्याच्या ‘सरल संचार’ पोर्टलवर भरता येतो.

हे सर्व आता लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. सध्याचे स्थानक २०३०च्या सुमारास कक्षेतून उतरवण्याची तयारी सुरू आहे. भारतीय अंतरिक्ष स्थानकाच्या पहिल्या भागाला केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, तो २०२८ मध्ये सोडण्याचे आणि २०३५ पर्यंत पूर्ण स्थानक उभे करण्याचे उद्दिष्ट आहे. त्यावर हौशी रेडिओचा पॅकेट रिले असावा, अशी मागणी आम्ही या पत्रातून करतो. हे आपल्याला नवे नाही. १ एप्रिल २०१९च्या पीएसएलव्ही-सी४५च्या चौथ्या टप्प्यावर ॲमसॅट इंडिया या हौशी रेडिओ संस्थेचा असाच रिले बसवून इस्रोने तो कक्षेत ठेवला होता, वारंवारता हीच, १४५.८२५. त्याआधी २०१५ मध्ये ॲस्ट्रोसॅटबरोबर श्रीहरिकोट्याहून गेलेल्या इंडोनेशियाच्या लापान-ए२ वरही पॅकेट रिले होता.

मागणी नेमकी करायची तर रिले दोन पट्ट्यांचा असावा: वर १४५, खाली ४३५ मेगाहर्ट्झ. म्हणजे उत्तर देताना तो बहिरा होणार नाही आणि चालकालाही आपलेच पॅकेट परत येताना ऐकता येईल. ४३५ला डॉप्लर १० किलोहर्ट्झपर्यंत जातो, तेव्हा ५ किलोहर्ट्झच्या अंतराने पाच मेमरी चॅनेल भरून ठेवावे लागतील. आजच्या दोन पट्ट्यांच्या साध्या हँडीला ते जमते. संच नंतरही पाठवता येतो, अँटेनाचे तसे नाही. झ्वेझ्दावरच्या चार अँटेना २००२ साली अंतराळवीरांना बाहेर पडून लावाव्या लागल्या होत्या. भारतीय स्थानकाच्या पहिल्या भागाच्या पृथ्वीकडच्या बाजूला दोन अँटेनांचे बैठक-बिंदू आणि भिंतीतून आत येणाऱ्या दोन कोॲक्स केबलची जागा आराखडा कागदावर असतानाच राखून ठेवावी, एवढे इस्रोने पाहावे.

कळावे,

काही परवानाधारक हौशी रेडिओचालक, पुणे